१६ बिट पुरतात का? घरच्या घरी, आपल्याच कानांनी करायची तपासणी

तानपुऱ्याची खर्जाची तार एकदाच छेडा आणि हात बाजूला घ्या. खोली शांत असेल तर तो खर्ज बराच वेळ विरत राहतो, आणि शेवटी तार अजून वाजते आहे की आपल्याला भास होतो आहे हेच कळेनासं होतं. डिजिटल ध्वनीतल्या बिट डेप्थचा, म्हणजे आवाज किती बारीक पट्टीने मोजला याचा, सगळा प्रश्न त्या शेवटच्या काही क्षणांत आहे. जोरकस तानेत किंवा तबल्याच्या थापेत तो नाही. तिथे १६ बिट आणि २४ बिट यांत फरक शोधणारा माणूस चुकीच्या जागी शोधतो आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. तयार गाणं ऐकायला नीट बनवलेली १६ बिटची फाइल पुरते. ध्वनिमुद्रण आणि संपादन करताना मात्र २४ बिटच वापरावेत. पण हे माझ्या शब्दावर मानायची गरज नाही. खाली दिलेली तपासणी एका सुट्टीच्या दुपारी पूर्ण होते, तिला एक पैसाही लागत नाही, आणि तिच्या शेवटी तुमचा कान, तुमचे हेडफोन आणि तुमची खोली मिळून किती बिटपर्यंत फरक ओळखतात हे तुम्हाला कळतं. १६ की २४ या लोकांच्या वादापेक्षा हे उत्तर जास्त उपयोगाचं आहे.

आधी एवढं समजून घ्या

डिजिटल ध्वनिमुद्रणात आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजली जाते. सीडीसाठी हे प्रमाण सेकंदाला ४४,१०० वेळा आहे. प्रत्येक मोजमाप किती बारीक पट्टीने घ्यायचं ते बिट डेप्थ ठरवते. ८ बिटच्या पट्टीवर २५६ खुणा असतात, १६ बिटच्या पट्टीवर ६५,५३६ आणि २४ बिटच्या पट्टीवर १,६७,७७,२१६.

इथे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पायऱ्यांचं चित्र येतं: कमी बिट म्हणजे मोठ्या पायऱ्या, म्हणून आवाज खडबडीत. हे चित्र डोक्यातून काढून टाका. प्लेअरमधून बाहेर पडणारी लहर गुळगुळीतच असते, कारण शेवटचा फिल्टर त्या ठिपक्यांतून अखंड लहर उभी करतो. मोजमाप जवळच्या खुणेवर सरकवताना जी बारीकशी चूक होते ती आवाजात मिसळते. ती नीट हाताळली असेल तर ऐकू येते मंद, एकसारखी सळसळ. बिट वाढवले की ती सळसळ खाली जाते. गाण्याचा पोत, गोडवा, 'मोकळेपणा' यांतलं काहीही वाढत नाही.

हिशोब सोपा आहे. एका बिटमागे सुमारे ६ डेसिबल. १६ बिटला सर्वांत मोठ्या आवाजापासून सळसळीपर्यंतचं अंतर ९८ डेसिबल येतं, आणि डिदर नावाची जी गोष्ट पुढे सांगणार आहे ती धरली तर ९३. २४ बिटला कागदावर १४६. प्रत्यक्षात कुठलंच यंत्र १४६ ला पोचत नाही. सर्किटमधल्या साध्या रोधकांत उष्णतेमुळे जो विद्युत गोंगाट असतो तो त्याच्या कितीतरी आधी आडवा येतो. चांगल्या कन्व्हर्टरचा (आवाजाचे आकडे किंवा आकड्यांचा आवाज करणाऱ्या भागाचा) पल्ला १२० डेसिबलच्या आसपास असतो, म्हणजे साधारण २० बिट. खालचे चार बिट गोंगाटच नोंदवत बसतात.

आता ९३ हा आकडा खोलीत आणून पाहू. हेडफोनवर गाण्याचा सर्वांत मोठा क्षण ९५ डेसिबलचा असेल, आणि तो मोठाच आवाज आहे, तर १६ बिटची सळसळ २ डेसिबलच्या आसपास राहते. रात्री पंखा बंद असतानाही शांत घरात २५ ते ३० डेसिबल आवाज असतो. फ्रिजची घरघर, लांबच्या रस्त्यावरची गाडी, स्वतःचा श्वास. या सगळ्याच्या खाली ती सळसळ दडलेली असते.

हा वाद सीडीइतकाच जुना आहे. फिलिप्सचा कल १४ बिटकडे होता आणि सोनीने १६ चा आग्रह धरला. १६ ठरले. पण फिलिप्सची चिप १४ बिटचीच तयार होती, म्हणून त्यांनी पहिल्या प्लेअरमध्ये चौपट ओव्हरसॅम्पलिंग केलं, म्हणजे मोजमापांचा वेग चौपट केला, आणि सळसळ कानाला न ऐकू येणाऱ्या वरच्या पट्टीत ढकलून १४ बिटच्या चिपमधून १६ बिटच्या तोडीचं काम काढून घेतलं. बिटचा आकडा म्हणजेच दर्जा असं समजणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

तयारी

तारेचे हेडफोन हवेत. ब्लूटूथवर ही तपासणी करू नका. तिथे आवाज वाटेत पुन्हा आकसला जातो आणि आपण बिटऐवजी ब्लूटूथची परीक्षा घेत बसतो. संगणकावर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. विंडोज असेल तर फूबार२००० आणि त्याला जोडायचा एबीएक्स कंपॅरेटर हा झाकून तुलना करण्याचा घटकही घ्या. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आउटपुट २४ बिटवर आहे ना ते पाहा. ते १६ वर असेल आणि आवाज सॉफ्टवेअरमधून बराच कमी केला असेल, तर कमी केलेल्या दर ६ डेसिबलला एक बिट वाया जातो.

मग हवी एक अस्सल २४ बिटची फाइल. स्वतः केलेलं ध्वनिमुद्रण सर्वांत चांगलं, कारण त्याचा प्रवास तुम्हाला माहीत असतो. तानपुरा, सतार, पियानो, किंवा घरातली पितळी घंटासुद्धा चालेल. नाद हळूहळू विरत शांततेत जाणारा हवा. वीस-तीस सेकंद पुरेत, आणि सर्वांत मोठा क्षण उणे १ डेसिबलच्या खाली असू द्या (डिजिटल मीटरवर शून्य म्हणजे सर्वांत वरची मर्यादा).

विकत घेतलेली फाइल वापरणार असाल तर ती खरोखर २४ बिटची आहे का ते आधी तपासा. १६ बिटच्या फाइलला मागे आठ शून्यं जोडून २४ बिट म्हणून विकता येतं, आणि नुसतं ऐकून ते कळत नाही. ऑडॅसिटीच्या प्रेफरन्सेसमध्ये क्वालिटी या पानावर डिदर 'नन' करा, फाइल १६ बिट वेव्ह म्हणून एक्स्पोर्ट करा, ती मूळ फाइलच्या शेजारी दुसऱ्या ट्रॅकवर आणा, तिच्यावर इन्व्हर्ट (लहर उलटी करणारा इफेक्ट) चालवा आणि दोन्ही ट्रॅक एकत्र मिसळा. सारख्या गोष्टी एकमेकींना खाऊन टाकतात. उरलं ते पूर्ण शून्य असेल, कितीही ॲम्प्लिफाय केलं तरी सपाट रेषाच राहत असेल, तर त्या फाइलमध्ये १६ बिटच्या पलीकडे काहीच नव्हतं. थोडी सळसळ उरली तर खालच्या बिटमध्ये काहीतरी आहे.

पहिली पायरी: बिटची शिडी बनवा

१६ आणि २४ यांची थेट तुलना करू नका. कशाकडे कान द्यायचा तेच माहीत नसेल तर ती तुलना आंधळी होते. आधी फरक ढळढळीत ऐकू येईल इतके बिट कमी करा आणि मग एकेक पायरी वर चढा.

युक्ती अशी. मूळ फाइल ऑडॅसिटीत उघडा. ट्रॅकच्या नावावरच्या मेनूत फॉरमॅट '३२ बिट फ्लोट' (आवाज खालीवर केला तरी बारकावे न गमावणारा) आहे याची खात्री करा. ॲम्प्लिफाय इफेक्टने आवाज ४८ डेसिबल खाली आणा. आता संपूर्ण गाणं पट्टीच्या तळाच्या आठ बिटमध्ये दाटीवाटीने बसलं आहे. ते १६ बिट वेव्ह म्हणून एक्स्पोर्ट करा. ती फाइल परत आत घ्या, पुन्हा ३२ बिट फ्लोट करा आणि ४८ डेसिबल वर चढवा. मूळ पातळीवर आलेली ही फाइल आता जवळपास ८ बिटची आहे. ती २४ बिट वेव्ह म्हणून जपून ठेवा, म्हणजे पुढे तिच्यात आणखी काही बिघडणार नाही.

हेच ३६ डेसिबलने केलंत की १० बिट, २४ ने १२ बिट, १२ ने १४ बिट. शेवटची १६ बिटची फाइल पातळीला हात न लावता नुसती एक्स्पोर्ट करा. प्रत्येक फाइलच्या नावात तिचे बिट लिहून ठेवा.

८ बिटची फाइल मात्र दोनदा बनवायची: एकदा क्वालिटीच्या पानावर डिदर 'नन' ठेवून, एकदा 'ट्रायँगल' करून. बाकीच्या सगळ्यांना 'ट्रायँगल'.

दुसरी पायरी: कान तयार करा

आधी त्या दोन ८ बिटच्या फाइली एकामागून एक ऐका. या लेखातलं एकच काम करायचं झालं तर हे करा.

डिदर नसलेल्या फाइलमध्ये तार छेडल्याक्षणी सगळं ठीक वाटतं. खर्ज विरायला लागला की त्याच्या अंगावर किरकिर चढते, जवारी बिघडल्यासारखी, पण जवारीचं नातं सुरांशी असतं आणि हिचं कशाशीच नसतं. लहरीला आता दोन-तीनच खुणा शिल्लक आहेत, त्यामुळे ती चौकोनी होत चालली आहे. मग आवाज अडखळतो, तुटतो, आणि तार वाजत असतानाच एकदम नाहीसा होतो. दार लावून घेतल्यासारखा.

डिदर असलेल्या फाइलमध्ये सुरुवातीपासून सळसळ आहे, पावसाची भुरभुर असते तशी. पण खर्ज तिच्यात शेवटपर्यंत शाबूत राहतो. सळसळीपेक्षा लहान झाल्यावरही कान त्याला धरून ठेवतो, आणि पट्टीच्या सर्वांत खालच्या खुणेपेक्षा बारीक झालेला सूरही ऐकू येत राहतो. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तीच फाइल पुन्हा पुन्हा लावून खात्री करून घेतली होती.

डिदर म्हणजे मोजमाप घेण्याआधी मुद्दाम मिसळलेला अगदी लहान, यादृच्छिक गोंगाट. त्यामुळे चूक सुराच्या मागे मागे न जाता विखुरते, आणि विखुरलेली चूक कानाला नुसती सळसळ वाटते. जॉन व्हँडरकूय आणि स्टॅनली लिपशिट्झ यांनी कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात १९८० च्या दशकात हे गणिताने नीट मांडलं. त्रिकोणी वाटणीचा डिदर वापरला की सळसळ पावणेपाच डेसिबलने वाढते, पण किरकिर पूर्ण जाते. '१६ बिटचा आवाज कोरडा लागतो' असं ऐकणारे काही जण खरोखर काहीतरी ऐकत असतात. डिदर न करता बिट छाटलेली फाइल त्यांच्या हाती आलेली असू शकते. दोष बिटचा नसून छाटणाऱ्याचा असतो.

घरी मुद्रित केलेल्या फाइलमध्ये १६ बिटला डिदर असो वा नसो, फरक ऐकू येणार नाही. माइकचा आणि खोलीचा गोंगाट १६ बिटच्या सर्वांत लहान खुणेपेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि तोच डिदरचं काम करून टाकतो. म्हणून तर दोन्ही रूपं ८ बिटला ऐकायची.

तिसरी पायरी: झाकून ऐका

आवाजाची पातळी एकदाच ठरवा. मूळ फाइलमधला सर्वांत मोठा क्षण तुम्हाला रोज ऐकायला आवडेल तेवढा ठेवा आणि मग व्हॉल्यूमला हात लावू नका. तार विरतानाच्या दोन सेकंदांपुरता आवाज भरमसाट वाढवला तर १६ बिटची सळसळही ऐकू येईल, पण तसं गाणं कुणी ऐकत नाही. आणि तेवढ्या आवाजावर पुढची तार छेडली गेली तर कानाला कायमची इजा होऊ शकते. हे गांभीर्याने घ्या.

फूबारमध्ये मूळ फाइल आणि ८ बिटची फाइल निवडा आणि युटिलिटीजमधून एबीएक्स सुरू करा. पडद्यावर ए आणि बी या माहीत असलेल्या फाइली येतात, आणि एक्स ही त्या दोघींपैकीच एक, पण लपवलेली. एक्स कोण ते ओळखायचं. अशा १६ फेऱ्या करा. नुसत्या अंदाजाने १६ पैकी १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांपेक्षा कमी आहे, म्हणून १२ ला पास धरा. फेऱ्या किती ते आधी ठरवा. चांगला आकडा आला की थांबायचं, असं चालत नाही.

फूबार नसेल तर घरातल्या कुणालातरी नाणं उडवून फाइल लावायला सांगा आणि वहीत नोंद ठेवायला सांगा. लावणाऱ्याचा चेहरा तुम्हाला दिसता कामा नये. चेहऱ्यावरूनही कळतं.

८ बिटला सोळाच्या सोळा बरोबर येतील. मग १०, मग १२. दर वेळी कान फक्त विरणाऱ्या नादाच्या शेवटाकडे. थकवा आला की थांबा, चहा घ्या, दुसऱ्या दिवशी करा. थकलेला कान 'फरक नाही' हेच उत्तर देतो आणि ते खरं असेलच असं नाही. माझ्या खोलीत १२ बिटची सळसळ फक्त तार विरताना जाणवते, आणि १४ पासून पुढे माझी उत्तरं अंदाजपंचे होतात. तुमचा कान तरुण असेल, खोली जास्त शांत असेल, हेडफोन बंद घडणीचे असतील, तर तुम्ही आणखी एक पायरी चढाल. ज्या पायरीवर १२ बरोबर येईनासे होतात, तिथे तुमची हद्द.

मग दुकानातली २४ बिटची आवृत्ती वेगळी का वाटते?

कारण ती बहुधा वेगळीच असते. तेच गाणं महागड्या आवृत्तीसाठी पुन्हा मास्टर केलेलं, म्हणजे त्याला नव्याने अंतिम रूप दिलेलं असतं: कमी दाबलेलं, कधी वेगळ्या टेपवरून घेतलेलं. ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च दर्जाच्या डिस्कचा आवाज थेट, आणि तोच आवाज वाटेत सीडीच्या १६ बिटमधून नेऊन, अशी झाकलेली तुलना होती. ५५४ फेऱ्यांत २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखी. सळसळीचा फरक कळला तो नेहमीपेक्षा फार मोठ्या आवाजावर. तरीही त्यांनी एक गोष्ट मुद्दाम नोंदवली की त्या डिस्क नेहमीच्या सीडींपेक्षा चांगल्याच वाजत होत्या, कारण त्या जास्त निगुतीने बनवल्या होत्या.

दुसरी बाजूही सांगायला हवी. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये अशा १८ प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला, तेव्हा बरोबर उत्तरं सुमारे ५२ टक्के निघाली. थोडी, पण नाण्यापेक्षा जास्त. त्यातले बरेच प्रयोग सॅम्पल रेटचे (सेकंदाला किती मोजमापं याचे) होते, नुसत्या बिटचे नव्हते. या दोन टक्क्यांसाठी कुणी फाइल आणि डिस्कची जागा खर्च करू इच्छित असेल तर माझी हरकत नाही. पण दोन आवृत्त्यांची तुलना करायची असेल तर २४ बिटची फाइल घेऊन तिचीच १६ बिटची प्रत स्वतः बनवा. दुकानातली सीडी आणि दुकानातली २४ बिट शेजारी ठेवून बिटबद्दल काहीच सिद्ध होत नाही. त्यात एखादी अर्धा डेसिबल मोठी असली तरी कान तिलाच चांगली म्हणतो.

ध्वनिमुद्रणाला मात्र २४ च

एका घरगुती बैठकीचं मुद्रण मी जुन्या १६ बिटच्या रेकॉर्डरवर केलं होतं. विलंबित ख्याल, अगदी हलका आवाज. सळसळ नको म्हणून मी पातळी चढी ठेवली. द्रुत सुरू झालं, बैठक रंगली, आणि तिहाई घेऊन तबला समेवर आला तिथे मीटर लाल झाला. त्या समेवर आजही टिचकी ऐकू येते. छाटली गेलेली लहर परत आणता येत नाही.

२४ बिटवर ही कसरत करावीच लागत नाही. मुद्रणापूर्वी गायकाला सर्वांत जोरकस तान घ्यायला सांगा आणि तिचं शिखर उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या मध्ये येईल अशी पातळी ठेवा. वर १२ ते १८ डेसिबल मोकळे राहिले, म्हणजे दोन-तीन बिट वाया गेले. जाऊ द्या. ते गेल्यावरही यंत्राचा उरलेला पल्ला माइक आणि खोली यांच्या गोंगाटापेक्षा मोठा राहतो. हीच ढिलाई १६ बिटवर केली तर ९३ मधले १८ वजा होऊन ७५ उरतात, आणि नंतर विलंबिताचा भाग उचलून घेताना सळसळही सोबत वर येते. ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर आता मिळतात, त्यांत पातळीची चिंता आणखी कमी. पण माइकच ओव्हरलोड झाला तर तेही काही करू शकत नाहीत.

घरातल्या जुन्या कॅसेट डिजिटल करायच्या असतील तर आकड्यांच्या मागे अजिबात लागू नका. साध्या कॅसेटचा पल्ला ५० ते ६० डेसिबल, म्हणजे नऊ-दहा बिट. तरी मुद्रण २४ बिटवर घ्या, ते वरच्या मोकळ्या जागेसाठी. खरा वेळ हेडची सफाई करण्यात आणि त्याचा कोन जुळवण्यात घाला. आजोबांचं नाट्यपद त्याने उजळेल, बिटने नाही.

जागेचा हिशोब: तासाभराचं स्टीरिओ मुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला साधारण १ जीबी, आणि १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झला ६३५ एमबी. मूळ २४ बिटची फाइल जपा आणि सगळं संपादन तिच्यावर किंवा ३२ बिट फ्लोटमध्ये करा. वाटायची प्रत अगदी शेवटी १६ बिटमध्ये, डिदर चालू ठेवून, एकदाच काढा. पुढे त्या प्रतीत दुरुस्ती करावीशी वाटली तर ती प्रत उघडू नका, मूळ फाइलकडे परत जा.